स्पेनचं जुनं तिकीट कॅटलॉगमध्ये सापडत नाही, सापडलं तर खरं वाटत नाही: कुठून सुरुवात करायची

दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणाचा तरी फोटो येतो. छोटंसं तिकीट, मोत्यांच्या गोलात अंबाडा घातलेली राणी, कडा कात्रीने कापलेल्या, एका बाजूला रोमन अक्षरांत ‘कोर्रेओस’. खाली तीन प्रश्न एका दमात: हे स्पेनचंच ना? मग कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांच्या नोंदींच्या पुस्तकात, का मिळत नाही? आणि रिप्रिंट, म्हणजे नंतर पुन्हा छापलेलं, तर नाही ना?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त ते एकदम विचारले की एकाचंही उत्तर मिळत नाही. तिसऱ्या प्रश्नाची घाई सगळ्यांनाच असते. पण तिकीट नेमकं कोणतं हे कळल्याशिवाय त्याचा खरे-खोटेपणा तपासताच येत नाही. याचं सर्वांत सोपं उदाहरण स्पेनच्याच पहिल्या दोन वर्षांत आहे. १ जानेवारी १८५० रोजी निघालेलं ६ क्वार्तोसचं काळं तिकीट शिळाछाप, म्हणजे दगडावरून सपाट छापलेलं, आहे. त्याच किमतीचं १८५१चं तिकीटही काळंच, पण ते उठावाच्या ठशांवरून छापलेलं. म्हणजे भिंगाखाली ‘सपाट, शिळाछाप’ छपाई दिसली, तर १८५०च्या तिकिटासाठी ती जमेची बाजू आणि १८५१च्या तिकिटासाठी तीच धोक्याची खूण. कोणतं तिकीट कोणतं, हे लगेच सांगतो तो तिकिटावरच्या वर्षाचा शेवटचा आकडा. तो न वाचता ‘छपाई सपाट आहे, नकली दिसतंय’ असं म्हणून एका मित्राने खरं तिकीट जवळजवळ देऊन टाकलं होतं.

म्हणून आधी ओळख, मग शंका. मी ज्या क्रमाने जातो, त्याच क्रमाने लिहितो.

राणी नंतर, अक्षरं आधी

‘कोर्रेओस’ म्हणजे स्पॅनिशमध्ये टपाल. तो देश नव्हे. पेरू, चिली, अर्जेंटिना, मेक्सिको अशा डझनभर देशांच्या तिकिटांवर हाच शब्द आहे. आपल्याकडे आणखी एक गोंधळ नेहमी होतो. गोव्यातल्या जुन्या घरांतून, ट्रंकांतून निघालेली तिकिटं लोक स्पेनची समजतात. पोर्तुगीज शब्द ‘कोर्रेइयो’ आहे, स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘ओ’च्या मध्ये एक ‘आय’ येतो. किंमत रेइस, तांगा किंवा रुपियामध्ये असेल तर स्पेनची पानं बंद करा आणि पोर्तुगीज इंडियाची उघडा. उलट बाजूने, स्पेनच्या तिकिटावर ‘कोर्रेओस’ नसूही शकतं. १८७०पासून पुढे बरीच वर्षं ‘कोमुनिकासिओनेस’ हा शब्द वापरलेला आहे, काहींवर ‘टपाल व तार’ या अर्थाचे शब्द आहेत. ‘एस्पान्या’ लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, पण १८५०च्या दशकातल्या राणीच्या तिकिटांवर देशाचं नाव शोधत बसू नका, ते तिथे नाही.

देशानंतर चलन. स्पेनच्या तिकिटांचा काळ ठरवायला चलनाइतकं पक्कं साधन दुसरं नाही, कारण ते वारंवार बदललं. १८५०पासून क्वार्तोस आणि रेआलेस चालायचे, साडेआठ क्वार्तोसचा एक रेआल. १८६६ साली एस्कुदो आणि त्याचे सेन्तिमोस आले, १८६७ साली एस्कुदोचे हजार भाग, म्हणजे मिलेसिमास. १८७२पासून पेसेता आणि सेन्तिमोस, ते थेट युरो येईपर्यंत. त्यामुळे राणी इसाबेलाच्या तिकिटावर ‘सेन्त’ दिसलं की लगेच पेसेताकडे धावू नका. ते एस्कुदोचे सेन्तिमोस आहेत, आणि तिकीट १८६६च्या आसपासचं आहे.

पहिल्या पाच वर्षांत तर काम आणखी सोपं आहे. १८५० ते १८५४ दर वर्षी नवं तिकीट निघालं आणि वर्ष तिकिटावरच छापलं गेलं. बनावट तिकिटं वापरून टपालखात्याला फसवणाऱ्यांच्या एक पाऊल पुढे राहण्यासाठी हा उद्योग होता. १८५४च्या तिकिटांवर राणीऐवजी राजचिन्ह आहे. वर्षाचा आकडा शिक्क्याखाली दडलेला असेल तर तिकीट तिरकं धरून बाजूने प्रकाश पाडा, किंवा स्कॅन करून काळा रंग कमी-जास्त करून पाहा.

‘सगळं जुळतं, पण किंमत जुळत नाही’

मला येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे याच जागी अडकलेले असतात. माझंही पहिलं अडलेलं तिकीट हेच होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका पाकिटात मिळालेलं, हिरवट, मोत्यांच्या गोलातली राणी. चित्र स्पेनच्या १८५५च्या तिकिटाशी तंतोतंत जुळत होतं. पण स्पेनमध्ये १ रेआल निळा आहे, माझं हिरवं. कित्येक आठवडे मी ‘रंग उडालेला असेल’, ‘रसायनाने बदललेला असेल’ अशा तर्कांत घालवले. मग एके दिवशी किंमत अक्षर-अक्षर करून वाचली. ‘१ आर-एल’, त्यापुढे ‘प्लाता’, आणि पुढे एक सुटं ‘एफ’.

हे ‘प्लाता एफ’ म्हणजे ‘प्लाता फुएर्ते’, चांदीचा भारी रेआल. तो स्पेनमध्ये नाही, समुद्रापलीकडच्या वसाहतींत चालायचा. तिकीट क्यूबाचं होतं. तिथल्या मालिकेत अर्धा रेआल निळा, एक रेआल हिरवा आणि दोन रेआल किरमिजी. स्पेनचं चित्र तेच ठेवून फक्त किमतीची ओळ बदललेली. हीच तिकिटं पोर्तो रिकोतही वापरली गेली आणि फिलिपिन्समध्येही पोहोचली. कोणतं कुठे वापरलं गेलं हे शिक्क्यावरूनच सांगता येतं. कोरं असेल तर कॅटलॉग क्यूबाखालीच दाखवेल. किरमिजी दोन रेआलवर ‘वाय’ आणि पाव (१/४) असा छाप दिसला तर दचकू नका, तो हवाना शहरातल्या पत्रवाटपासाठीचा आहे. तोही अर्थातच बनावट केला जातो, कारण साध्या तिकिटावर दोन चिन्हं उठवणं सोपं असतं.

वसाहतींची आणखी दोन ठिकाणं लक्षात ठेवा. ५ किंवा १० क्वार्तोस किंमत आणि ‘१८५४ व ५५’ असं जोडवर्ष दिसलं तर ते फिलिपिन्सचं आहे. त्याच मालिकेत १ रेआलच्या काही प्रतींवर ‘कोर्रेओस’मधला ‘ई’ गळून ‘कोर्रोस’ झालेलं आहे, ती जुनी आणि नोंदलेली चूक आहे. दुसरं, १८७०च्या दशकात ‘उल्त्रामार’ शब्द आणि वर्ष असलेली तिकिटं. ‘उल्त्रामार’ म्हणजे समुद्रापार, तिकीट क्यूबाचं. पण त्यावर शाईने केल्यासारखी वळणदार सही छापलेली दिसली तर ते पोर्तो रिकोचं. ही सही म्हणजे ओव्हरप्रिंट, तयार तिकिटावर नंतर केलेली छपाई, आहे. अनेक जण तिला पेनाने मारलेली फुली समजतात आणि तिकीट खराब म्हणून बाजूला टाकतात. भिंगाखाली पाहा: पेनाची रेघ कागदात झिरपते, मध्येच जाड-बारीक होते, एकीसारखी दुसरी नसते. छापलेली सही त्याच प्रकारच्या दोन तिकिटांवर ठेवून पाहिली तर वळणाला वळण जुळतं.

एकच चित्र, तीन कागद

आता समजा तिकीट नक्की स्पेनचंच आहे, ४ क्वार्तोस, लाल, मोत्यांचा गोल, वर्ष नाही. कॅटलॉगमध्ये त्याच चित्राच्या तीन नोंदी दिसतील आणि किमतींत मोठा फरक असेल. फरक चित्रात नाही, कागदात आहे. १८५५चा कागद निळसर आणि त्यात फासांच्या साखळीचं वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण. १८५६च्या सुरुवातीचा कागद खरबरीत, पिवळट, त्यात एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी. त्यानंतरचा पांढरा, गुळगुळीत, वॉटरमार्क नसलेला. क्यूबाच्या तिकिटांतही कागदांचा क्रम हाच.

आधी तिकीट उलटं करून दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. निळसर छटा असेल तर निम्मं काम झालं. मग काळ्या तळाच्या छोट्या बशीत तिकीट पालथं ठेवून बेंझिनचे दोन थेंब टाका. कागद ओला होताच वॉटरमार्कच्या जागा गडद दिसतात आणि काही सेकंदांत पुन्हा विरतात. खिडकी उघडी हवी, आसपास गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको. लायटरमध्ये भरायचं इंधन मिळालं तर तेही चालतं. पाण्यात मात्र भिजवू नका, डिंक जाईल आणि हाती काहीच लागणार नाही. एका तिकिटावर फासाचा फक्त एखादा तुकडा येतो, अख्खी साखळी दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. आणि जुन्या हिंजची (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) कड, पुसलेल्या पेन्सिलीचा ओरखडा किंवा कागदाची घडी यांना जाळी समजण्याची चूक सगळ्यांकडून होते. शंका असेल तर आधी हिंजचे अवशेष काढा, मग पुन्हा पाहा.

सर्वांत महाग नोंद आपल्याच तिकिटाची असावी असं प्रत्येकाला वाटतं. मला विचाराल तर उलटं करा. सर्वांत साधी, म्हणजे वॉटरमार्क नसलेली नोंद गृहीत धरा आणि मग तिला खोडून काढणारा पुरावा शोधा.

कॅटलॉगच्या मुख्य भागात मुळातच नसलेली तिकिटं

किमतीच्या जागी आकडा नाही, त्याऐवजी ‘मेदिया ओन्सा’, ‘उना ओन्सा’, ‘क्वात्रो ओन्सास’ किंवा ‘उना लिब्रा’ लिहिलंय? म्हणजे अर्धा औंस, एक औंस, चार औंस, एक पौंड. ही १८५४पासूनची सरकारी टपालाची तिकिटं, रंगीत कागदावर काळी छपाई. अर्धा औंस पिवळ्यावर, एक औंस गुलाबीवर, चार औंस हिरव्यावर, पौंड निळ्यावर. कॅटलॉगमध्ये ती मागे, सरकारी तिकिटांच्या विभागात असतात.

‘इम्पुएस्तो दे गेर्रा’ म्हणजे युद्धकर. हीही वेगळ्या विभागात. अस्वल आणि झाड, १८५३ वर्ष, ब्राँझसारखा रंग: माद्रिद शहरापुरतं टपाल. या तिकिटाच्या नकला पुष्कळ फिरतात, त्यामुळे स्वस्तात मिळालं तर आधी नकलच समजा. विसाव्या शतकातली, ‘बार्सेलोना नगरपालिका’ अशी अक्षरं असलेली ५ सेन्तिमोसची छोटी तिकिटं आणि ‘प्लान सुर दे वालेन्सिया’ लिहिलेलं २५ सेन्तिमोसचं तिकीट लोकांना हमखास अडवतं. ही टपालाच्या तिकिटाशेजारी सक्तीने लावायची जादा तिकिटं होती. वालेन्सियाचं तिकीट १९५७च्या भीषण पुरानंतर नदीचा प्रवाह शहराबाहेर वळवण्याच्या कामासाठी होतं. लिफाफ्यावर दोन तिकिटं शेजारी असतील तर सोडवू नका, जोडी म्हणूनच ठेवा.

१९३६ ते १९३९च्या यादवीतल्या स्थानिक तिकिटांचा आणि ‘विवा एस्पान्या’सारख्या ओव्हरप्रिंटांचा पसारा इतका मोठा आहे की त्यावर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगतो: कोरं आणि सुटं ओव्हरप्रिंट मी विकत घेत नाही. लष्करी सेन्सॉरचा शिक्का असलेला लिफाफा थोडा महाग पडला तरी तो घेतो.

कार्लिस्टांची तिकिटं हा मधला प्रकार. १८७३ ते १८७५ या काळात स्पेनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉन कार्लोसच्या ताब्यातल्या प्रदेशात ती निघाली. १८७३च्या निळ्या १ रेआलमध्ये ‘एस्पान्या’तल्या ‘एन’वर नागमोडी रेघ आहे की नाही यावरून दोन नोंदी होतात. त्या रेघेच्या जागी शाईचा डाग किंवा शिक्क्याचा ठिपका असेल तर घाईने निर्णय घेऊ नका. या तिकिटाचं संग्राहकांसाठी नंतर पुनर्मुद्रणही झालं आणि बनावटही खूप आहे, म्हणजे एकाच तिकिटात तुमचे तिन्ही प्रश्न हजर.

‘रिप्रिंट’ हा शब्द आधी नीट पकडा

मूळ ठसा किंवा मूळ दगड वापरून, तिकीट चलनातून गेल्यानंतर पुन्हा काढलेली छपाई म्हणजे पुनर्मुद्रण. यात चित्र मुळासारखंच असतं, फरक पडतो तो कागद, रंगाची छटा, डिंक आणि कडांत. नवा ठसा बनवून केलेली छपाई ही नक्कल, मग विकणारा तिला काहीही म्हणो. आणि स्पेनच्या बाबतीत तिसरा प्रकार फार महत्त्वाचा आहे: त्या काळी टपालखात्यालाच फसवण्यासाठी छापलेली आणि पत्रावर खरोखर वापरली गेलेली बनावट तिकिटं. त्यांच्यावरचा शिक्का अस्सल असतो, आणि कित्येकदा ती मूळ तिकिटापेक्षा महाग विकली जातात. म्हणून ‘नकली आहे’ एवढ्यावर थांबून फेकून देऊ नका.

मी यात एकदा चांगला पोळलो. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून १८५२चं ६ क्वार्तोसचं गुलाबी तिकीट घेतलं. सोबतच्या चिठ्ठीवर ‘मूळ ठशावरून रिप्रिंट’ असं लिहिलेलं. किंमत मूळ तिकिटापेक्षा कमी, नकलेपेक्षा बरीच जास्त. दहापट भिंगाखाली धरल्यावर उत्तर पाच मिनिटांत मिळालं. ते कसं मिळालं ते इथे सविस्तर सांगतो, कारण स्पेनच्या १८५१नंतरच्या तिकिटांसाठी एवढी उपयोगी दुसरी तपासणी नाही.

खिळ्यांच्या छपाईची जुनी लग्नपत्रिका घरात असेल तर ती काढा. अक्षरांवरून मागून बोट फिरवा, खिळा कागदात रुतल्याचा उठाव जाणवतो. भिंगातून पाहिलं तर अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार तयार झालेली दिसते आणि मधला भाग थोडा फिका. उठावाच्या ठशावरून छापलेल्या तिकिटात हेच दिसतं. आता एखादी शिळाछाप पोथी पाहा. तिथे शाई कागदावर सपाट पसरलेली, किनार नाही, मागे उठाव नाही. तुमच्याकडे दोन्ही नमुने नसतील तर कोणत्याही जुन्या पुस्तकांच्या दुकानात दहा मिनिटं काढा, डोळा तयार होतो. माझ्या १८५२च्या तिकिटावर शाई पोथीसारखी होती. मूळ ठसा उठावाचा, मग मूळ ठशावरून काढलेलं ‘रिप्रिंट’ शिळाछाप कसं असेल? चिठ्ठी खोटी होती.

१८७६ची बारावा आल्फोन्सो राजाची तिकिटं तिसऱ्याच पद्धतीची, लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सनने कोरीव प्लेटवरून छापलेली, कागदात किल्ल्याचं वॉटरमार्क. तिथे नोटेवरच्या छपाईसारखी शाई कागदाच्या वर उभी राहिलेली दिसायला हवी. सपाट असेल तर थांबा.

माझं तिकीट अतिनील दिव्याखाली चमकलं नाही. म्हणजे नक्कल असली तरी जुनी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळवणारं रसायन घालू लागले, तसा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा लखलखतो. एकोणिसाव्या शतकातलं म्हणून विकलेलं तिकीट असं लखलखलं तर पुढची तपासणी करण्याची गरज नाही. नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तो साधा दिवाही चालतो, फक्त अंधाऱ्या खोलीत पाहा आणि दिवा डोळ्यांवर धरू नका.

जुन्या नकलाकारांची थोडी ओळख असली की शिकारीचा माग लागतो. हॅम्बुर्गच्या स्पायरो बंधूंनी १८६०-७०च्या दशकांत अल्बमच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी शिळाछाप नकला पंचवीस-पंचवीस तिकिटांच्या तावांत छापल्या, शिक्क्यांसकट. त्यांच्यावरचा शिक्का कुठल्याही गावाचा नसतो, रेघा आणि ठिपके यांचा नुसता आभास असतो. जिनिव्हाचा फ्रांस्वा फुर्निए आपला माल उघडपणे ‘फॅक्सिमिली’ म्हणून विकायचा. त्याच्या मृत्यूनंतर, १९२८मध्ये त्याच्या नकलांचे अल्बम तयार करण्यात आले, त्यांतल्या तिकिटांवर नकली असल्याचा शिक्का मारलेला होता. तो शिक्का नसलेला माल मात्र अजून बाजारात आहे.

जाँ द स्पेराती या नकलाकाराच्या बाबतीत मात्र वरची निम्मी तपासणी निरुपयोगी ठरते. स्पेनची १८५०च्या दशकातली तिकिटं हा त्याचा आवडता प्रांत. तो त्याच काळातलं स्वस्त, अस्सल तिकीट घ्यायचा, रसायनाने त्यावरचं चित्र धुऊन काढायचा आणि शिक्का तेवढा शाबूत ठेवायचा. मग त्या कोऱ्या झालेल्या जुन्या कागदावर दुर्मीळ तिकिटाचं चित्र छापायचा. कागद खरा, वॉटरमार्क खरं, शिक्का खरा, अतिनील दिवाही गप्प. हाती उरतात दोन गोष्टी. पहिली छपाई: त्याची पद्धत छायाचित्रावरून केलेल्या सपाट छपाईची, त्यामुळे ठशाचा दाब मागे दिसत नाही. दुसरी शाईचा क्रम: अस्सल तिकिटावर शिक्का चित्राच्या वर बसतो, इथे चित्र नंतर छापलेलं असल्याने शिक्क्याची काळी रेघ चित्राच्या रंगाखाली गेल्यासारखी दिसू शकते. १९५४मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठा आणि साहित्य विकत घेतलं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक ठशातल्या ठरावीक खुणा अभ्यासकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. १८५१च्या २ रेआलसारखं महागडं तिकीट असेल तर घरी निकाल लावू नका. त्या वर्षी ६ रेआलच्या निळ्या तावात चुकून २ रेआलचा ठसा बसला होता. ती निळी चूक जगप्रसिद्ध आहे, आणि तुमच्या पाकिटातलं निळं २ रेआल ती असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

१९५०मध्ये स्पेनने पहिल्या तिकिटाच्या शताब्दीनिमित्त जुन्या राणीचं चित्र घेऊन बिनछिद्रांची तिकिटं काढली. तीही ‘१८५०चं रिप्रिंट’ म्हणून माझ्याकडे आली आहेत. त्यांवर शताब्दीची अक्षरं आहेत, शांतपणे वाचली की प्रश्न संपतो.

शिक्के आणि पाठ

१८६८च्या सप्टेंबरात क्रांती झाली, इसाबेला देश सोडून गेली, आणि टपालखात्याकडे तिच्या चेहऱ्याच्या तिकिटांचा साठा उरला. त्यावर ‘हाबिलितादो पोर ला नासिओन’, म्हणजे ‘राष्ट्राने ग्राह्य धरलेलं’, असा शिक्का हाताने मारून ती वापरात ठेवली. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे शिक्के, क्यूबा आणि फिलिपिन्समध्येही. हाताचा शिक्का असल्याने उलटा, तिरका, दुबार सगळं सापडतं, आणि बनावट करायला याहून सोपं काही नाही. वापरलेल्या तिकिटावर एकच गोष्ट पाहा: टपालाचा शिक्का या शिक्क्याच्या वर आहे का? खाली असेल तर तो ओव्हरप्रिंट पत्र पोहोचल्यानंतर केव्हातरी मारलेला आहे.

टपालाच्या शिक्क्यांचाही काळ ठरलेला आहे. पहिल्या तिकिटांवर कोळ्यासारखा दिसणारा ‘आरान्या’, १८५२पासून जाळीसारखा ‘पार्रिया’, १८५८पासून बैलगाडीच्या चाकासारखा, मधोमध आकडा असलेला. त्यात १ म्हणजे माद्रिद, २ म्हणजे बार्सेलोना. १८५१च्या तिकिटावर चाकाचा शिक्का दिसला तर तो तिथे काय करतोय हे विचारायलाच हवं. तीन आडव्या जाड रेघा असतील तर ते तिकीट कधी पत्रावर गेलंच नाही, ते उरलेल्या साठ्यातून रद्द करून विकलेलं आहे. कॅटलॉगमधली ‘वापरलेलं’ ही किंमत त्याला लागू होत नाही.

मधोमध गोल भोक असेल तर ते तिकीट तारेच्या फॉर्मवर वापरलेलं. किंमत खूप घसरते, विशेषतः ४ आणि १० पेसेतांसारख्या मोठ्या रकमांची. म्हणूनच ही भोकं बुजवली जातात, आणि वर एक जाडजूड शिक्का मारून जोड लपवला जातो. मोठ्या किमतीचं तिकीट उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. बेंझिनमध्येही जोडाची गोल रेघ लगेच गडद होते.

१८७५च्या मालिकेच्या पाठीवर निळ्या चौकटीत १ ते १०० असा आकडा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तेराव्या आल्फोन्सोच्या तिकिटांवर निळा नियंत्रण क्रमांक. तो ‘ए’ आणि पुढे सगळी शून्यं असा असेल तर ती नमुन्यासाठीची प्रत, पत्रासाठीची नव्हे. हा आकडा मुळातच नसेल तर मात्र धुतल्याने गेला, की तिकीट नकली आहे, हे ठरवण्यासाठी छपाईकडे परत जावं लागतं.

१८६५पासून छिद्रांच्या कडा आल्या, १४च्या मापाच्या, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये १४ छिद्रं. त्याच चित्राची बिनछिद्रांचीही तिकिटं आहेत, त्यामुळे छिद्रं कापून ‘बिनछिद्रांचं’ बनवण्याचा मोह होतो. चारही बाजूंना ऐसपैस मोकळी जागा असल्याखेरीज मी ते मान्य करत नाही.

इतकं करूनही अडलात आणि मला किंवा आणखी कुणा जाणकाराला विचारणार असाल, तर मोबाइलचा फोटो नको. साध्या स्कॅनरवर, निदान १२०० डीपीआयला, पुढची आणि मागची बाजू काळ्या कागदावर ठेवून स्कॅन करा. रंग ‘सुधारणारी’ सोय बंद ठेवा. चित्राची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून लिहा, कागदाची नव्हे, छापलेल्या चौकटीची. छिद्रांचं माप, बेंझिनमध्ये काय दिसलं, अतिनील दिव्याखाली काय दिसलं, पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलंय का, हे सगळं कळवा. जुने व्यापारी आणि परीक्षक तिथे बारीक सह्या करून ठेवत, त्या खोडू नका. किंमत खरोखरच मोठी असेल तर स्पेनमधल्या कोमेक्ससारख्या परीक्षण समितीकडे किंवा लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवा, पण त्याआधी परीक्षणाचं शुल्क आणि टपालखर्च तिकिटाच्या किमतीशी ताडून पाहा. शिक्का अर्धवट असेल तर त्याचा वेगळा, जवळून घेतलेला स्कॅनही जोडा.